जकात माणसाची, वक्फ गावाचा

इंडोनेशियात गेल्या दशकभरात ग्रामपर्यटनाने चांगलेच मूळ धरले आहे. 'देसा विसाता' म्हणून ओळखली जाणारी ही पर्यटनग्रामे जावा, लोंबोक, सुमात्रा अशा अनेक बेटांवर उभी राहिली आहेत आणि ग्रामीण दारिद्र्यावरचा उपाय म्हणून सरकारही त्यांच्याकडे मोठ्या आशेने पाहते. या प्रयत्नांना आता एका नव्या विचाराची जोड मिळाली आहे. जकात (सक्तीचे दान), इन्फाक व सदका (ऐच्छिक दान) आणि वक्फ (लोकहितासाठी राखून ठेवलेली मालमत्ता) या इस्लामी दानव्यवस्थांमधून जमणारा पैसा या गावांकडे वळवावा आणि त्यातून पर्यटन व समाजविकास ही दोन्ही कामे साधावीत, असा तो विचार आहे. तो मला मनापासून पटतो. परंतु तो ज्या पद्धतीने मांडला जातो, त्यात एक मूलभूत गफलत आहे. चारही प्रकारचे दान एकाच थैलीत ओतले जाते आणि ती थैली 'भांडवल' म्हणून गावापुढे ठेवली जाते. या प्रत्येक दानामागे वेगळा नियम आहे, वेगळा हक्कदार आहे आणि वेगळा हेतू आहे. हा भेद पुसला, तर गरिबांच्या वाट्याचा पैसा गावाच्या कमानीत, वाहनतळात आणि रंगीबेरंगी फलकांत जिरून जाईल, आणि ज्या जमिनीवर हे सारे उभे राहायचे ती जमीन मात्र हळूहळू गावाच्या हातून निसटेल.

ग्रामपर्यटनात भांडवलाची टंचाई असते हे खरे, पण आजच्या इंडोनेशियात तो दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. 2014 च्या ग्रामकायद्याने गावांना मोठी स्वायत्तता दिली आणि 2015 पासून केंद्राचा ग्रामनिधी गावांना मिळू लागला. अलीकडच्या वर्षांत ही रक्कम सुमारे पाऊण लाख गावांसाठी मिळून 70 लाख कोटी रुपियांच्या (रुपिया हे इंडोनेशियाचे चलन) घरात गेली आहे. त्याच कायद्याने गावाच्या मालकीचा उद्योग, म्हणजे 'बुमदेस', अधिक भक्कम पायावर आणला. मध्य जावातील क्लातेन जिल्ह्यातील पोंगोक हे गाव याचे ठळक उदाहरण ठरले. गावातल्या नैसर्गिक झऱ्याचे स्वच्छ कुंड, त्यात पाण्याखाली छायाचित्रे काढून घेण्यासाठी येणारे पर्यटक आणि 2009 मध्ये स्थापन झालेला गावाचा उद्योग यांच्या बळावर एकेकाळचे गरीब गाव अब्जावधी रुपियांची उलाढाल करू लागले. गावातल्या कुटुंबांनी या उद्योगात स्वतःचे पैसे गुंतवले. म्हणजे झरा गावाचा, उद्योग गावाचा आणि नफ्यातला वाटाही गावाचा. पोंगोकचे यश सांगताना लोक पाण्याखालच्या छायाचित्रांबद्दल भरभरून बोलतात, परंतु मला त्यातली मालकीची मांडणी अधिक महत्त्वाची वाटते.

योग्याकार्ता प्रांतातील गुनुंग किदुल जिल्ह्यातल्या न्गलांगेरान गावाचा अनुभव तर याहून बोलका आहे. प्राचीन ज्वालामुखीच्या खडकांचा डोंगर या गावाला लाभला आहे. एकेकाळी तो उघडाबोडका होता. गावातल्या तरुण मंडळाने तिथे झाडे लावली, वाटा बांधल्या आणि पर्यटन सुरू केले. फळबागांना पाणी मिळावे म्हणून टेकडीवर बांधलेला तलाव 2013 मध्ये पुरा झाला आणि पाहुण्यांची रीघ लागली. 2014 मध्ये तीन लाखांहून अधिक पर्यटक आले. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी या आकड्याचा उत्सव झाला असता. न्गलांगेरानच्या लोकांनी मात्र डोंगर झिजतो आहे, कचरा वाढतो आहे आणि राबणाऱ्यांच्या हाती फारसे उरत नाही, हे ओळखले. त्यांनी प्रवेशशुल्क वाढवले, मुक्कामी राहणाऱ्या आणि गावात काही शिकण्यासाठी येणाऱ्या पाहुण्यांवर भर दिला, गावच्या कोकोपासून चॉकलेट करून विकायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत पर्यटकांची संख्या निम्म्यापेक्षा कमी झाली आणि उत्पन्न मात्र वाढले. 2021 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने या गावाला जगातील उत्तम पर्यटनग्रामांच्या यादीत स्थान दिले. गर्दी कमी करण्याचा निर्णय घेण्याची मोकळीक या गावाला होती, कारण प्रवेशद्वार गावाच्या हातात होते. ते बाहेरच्या गुंतवणूकदाराकडे असते, तर हा निर्णय झालाच नसता.

सगळीकडे असे घडत नाही. एखाद्या गावाचे नाव झाले की पहिल्यांदा वाढतो तो जमिनीचा भाव. 1960 च्या जमीन कायद्यानुसार परदेशी माणसाला इंडोनेशियात जमिनीची पूर्ण मालकी घेता येत नाही, पण दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे आणि स्थानिक माणसाच्या नावावर केलेले व्यवहार सर्रास चालतात, आणि राजधानीतल्या पैसेवाल्यांना तर तेवढीही आडकाठी नाही. 2023 च्या कृषिगणनेनुसार देशातल्या शेतकरी कुटुंबांपैकी 60 टक्क्यांहून अधिक कुटुंबांकडे अर्ध्या हेक्टरपेक्षा कमी जमीन आहे. अशा कुटुंबात आजारपण आले, मुलीचे लग्न निघाले किंवा मुलाला शहरात शिकायला पाठवायचे झाले की भातखाचर विकले जाते. दक्षिण लोंबोकमधील मंदालिका पर्यटनप्रकल्प सरकारी आणि अवाढव्य, त्याची जात वेगळी. परंतु तिथल्या भूसंपादनावर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार तज्ज्ञांनी 2021 मध्ये जाहीर चिंता व्यक्त केली, यावरून पर्यटन आणि जमीन यांचे नाते किती नाजूक आहे हे कळते. छोट्या गावात बुलडोझर येत नाही, तिथे खरेदीखत येते. परिणाम मात्र फारसा वेगळा राहत नाही: ज्या बांधावर उभे राहून पाहुणा सूर्योदय पाहतो, तो बांध ज्याच्या आजोबांनी घातला तो माणूस तिथे चहा नेऊन देणारा पगारी नोकर होतो.

वक्फचे खरे मोल इथे आहे. वक्फ म्हणजे मालमत्तेचे मूळ कायमचे अडवून ठेवायचे आणि तिचे फळ लोकहितासाठी वाहते ठेवायचे. इंडोनेशियाच्या 2004 च्या वक्फ कायद्यातील चाळिसावे कलम स्पष्ट सांगते की वक्फ मालमत्ता गहाण ठेवता येत नाही, जप्त करता येत नाही, विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, वारसाहक्काने वाटता येत नाही आणि अन्य मार्गाने हस्तांतरितही करता येत नाही. सार्वजनिक हितासाठी अदलाबदलीचा एक अपवाद ठेवला आहे, त्यालाही सरकारची परवानगी लागते. बाजारभावाच्या लाटेपुढे गावाच्या जमिनीला याहून भक्कम बांध कोणता मिळणार? झऱ्याभोवतीचा परिसर, डोंगराच्या पायथ्याची मोकळी जागा, बाजाराचे मैदान, वाहनतळ अशा मोक्याच्या जागा वक्फमध्ये आल्या, त्या गावाच्या उद्योगाला भाड्याने दिल्या गेल्या आणि त्या भाड्यातून शिष्यवृत्त्या, दवाखाना, वृद्धांचे निर्वाहवेतन चालले, तर पर्यटनाचे उत्पन्न आणि समाजाचे हित यांची गाठ कायद्यानेच बांधली जाईल. व्यवस्थापकाला, म्हणजे 'नाझिर'ला, निव्वळ उत्पन्नाच्या जास्तीत जास्त 10 टक्के मोबदला घेता येतो, ही मर्यादाही त्याच कायद्यात आहे.

ही कल्पना परंपरेला परकी आहे असे कोणी समजू नये. प्रवास आणि वक्फ यांचे नाते फार जुने आहे. मुस्लिम जगातल्या कितीतरी सराया, पाणपोया आणि पूल वक्फच्या उत्पन्नावर चालत. पुढे सुमात्रातल्या पासाई राज्यापर्यंत पोहोचलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1326 मध्ये दमास्कसमध्ये होता. तिथे त्याने एक प्रसंग पाहिला. एका गुलाम पोराच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली. जमलेल्या लोकांतून कोणीतरी त्याला सांगितले, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फच्या कारभाऱ्याकडे घेऊन जा. पोराने तुकडे दाखवले आणि त्याला नव्या थाळीचे पैसे मिळाले. मालकाच्या माराला भिणाऱ्या पोरासाठी कोणीतरी आपली मालमत्ता कायमची बांधून ठेवली होती. इतक्या बारकाईने माणसाच्या गरजेचा विचार करणारी ही संस्था आजच्या इंडोनेशियात मुख्यतः मशिदी, नमाजघरे, शाळा आणि दफनभूमी यांपुरती आक्रसली आहे, याची मला खंत वाटते. या वापराचे पावित्र्य कोणी नाकारत नाही, परंतु उत्पन्न देणारा वक्फ दुर्मीळ झाला की मशिदीच्या छपराच्या दुरुस्तीसाठीही वर्गणी मागावी लागते.

बदलाची सुरुवात झालेली आहे. 2002 मध्ये इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने रोख रकमेचा वक्फ मान्य केला आणि 2004 च्या कायद्याने त्याला जागा दिली. जमीन सहसा कायमचीच वक्फ करावी लागते, रोख रकमेचा वक्फ मात्र ठरावीक मुदतीसाठीही करता येतो. 2020 मध्ये अशा रकमा सरकारच्या सुकुक, म्हणजे व्याजाऐवजी इस्लामी नियमांनुसार परतावा देणाऱ्या, रोख्यांत गुंतवण्याची योजना प्रत्यक्षात आली. पहिल्या रोख्यात सुमारे 50 अब्ज रुपिया गुंतवले गेले आणि त्याच्या परताव्यातून बांतेन प्रांतातील सेरांग येथे वक्फच्या जमिनीवरील नेत्र रुग्णालयात दृष्टिपटल व काचबिंदू उपचार केंद्र उभे राहिले. मुद्दल सुरक्षित ठेवून केवळ परताव्यावर गरिबांचे डोळे तपासले जातात. हीच रचना पर्यटनग्रामांसाठी का वापरू नये? मुदतीच्या रोख वक्फमधून परतावा मिळावा, त्या परताव्यातून गावातली विकायला निघालेली मोक्याची जमीन खरेदी व्हावी आणि ती कायमच्या वक्फमध्ये यावी. काम सावकाश होईल, पण एकदा वाचलेली जमीन पुन्हा बाजारात जाणार नाही.

वक्फपत्राच्या मजकुराबाबत एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पर्यटनाची लाट ओसरते, एखादे ठिकाण लोकांच्या मनातून उतरते, वक्फ मात्र कायम राहतो. म्हणून वक्फपत्रात 'पर्यटनासाठी' असा हेतू लिहिणे ही घोडचूक ठरेल, कारण पुढे हेतू बदलायचा तर राष्ट्रीय वक्फ मंडळाची लेखी परवानगी घ्यावी लागते. हेतू गावातल्या मुलांच्या शिक्षणाचा किंवा आरोग्याचा लिहावा आणि जमिनीचा वापर नाझिर व गाव यांनी काळानुसार ठरवावा. आज तिथे पाहुण्यांचे तंबू असतील, उद्या पुन्हा कोकोची बाग असेल. मुलांच्या फीचे पैसे दोन्हींतून येतील.

जकातीकडे वळल्यावर चित्र पूर्ण बदलते. किमान 85 ग्रॅम सोन्याइतकी संपत्ती वर्षभर बाळगणाऱ्याने तिचा अडीच टक्के हिस्सा द्यायचा, हा जकातीचा सर्वसाधारण दर आहे, आणि तो पैसा कोणाला द्यायचा हे कुराणाने आठ वर्गांत बांधून दिले आहे: गरीब, कंगाल, जकातीचे कर्मचारी, इस्लामच्या नव्याने जवळ आलेले, गुलामीतून मुक्त होऊ पाहणारे, कर्जात बुडालेले, ईश्वराच्या मार्गात झटणारे आणि वाटेत अडकलेले वाटसरू. या यादीत गाव नाही, रस्ता नाही, कमान नाही. परंपरेतल्या बहुतेक धर्मशास्त्रज्ञांच्या मते जकात माणसाच्या हाती, त्याच्या मालकीची म्हणून द्यायची असते. 'ईश्वराचा मार्ग' हा वर्ग व्यापक करून त्यात सर्व लोकोपयोगी कामे बसवण्याचा प्रयत्न आधुनिक काळात झाला आहे आणि महामारीसारख्या संकटात त्याला काही आधारही मिळाला. पर्यटनासाठी मात्र हा दरवाजा उघडू नये असे माझे ठाम मत आहे. एकदा तो उघडला की सर्वांत दिसणारे काम सर्वांत आधी होईल, आणि गरीब माणूस स्वभावतःच न दिसणारा असतो.

इंडोनेशियाच्या 2011 च्या जकात कायद्यातील सत्ताविसावे कलम या बाबतीत मोठे शहाणे आहे. जकात उत्पादक व्यवसायासाठी वापरता येईल, पण हक्कदारांच्या मूलभूत गरजा भागल्यानंतरच, असे ते सांगते. हा क्रम पर्यटनग्रामांत काटेकोरपणे पाळला गेला पाहिजे. ग्रामपर्यटनाचा लाभ गावात समान वाटला जात नाही, हे अनेकदा विसरले जाते. पाहुण्याला घरी मुक्कामाला ठेवायचे तर रिकामी खोली लागते, नळाचे पाणी लागते, स्वच्छ शौचालय लागते. ज्याच्याकडे रिकामी खोली आहे तो गावातला गरीब नव्हेच. भूमिहीन मजुराच्या दोन खोल्यांच्या घरात सहा माणसे राहतात. त्याच्या अंगणात पाहुणा फोटो काढून जातो, मुक्काम शेजाऱ्याकडे करतो. म्हणून 'गावाचे उत्पन्न वाढले' या वाक्याने मला समाधान होत नाही. जकातीने नेमके या मजुराकडे जावे: आधी धान्य, औषध, मुलांची शाळा, त्यानंतर त्याच्या घरातले शौचालय, त्याच्या पत्नीच्या हातमागाचे सूत, त्याच्या मुलासाठी वाटाड्याचे प्रशिक्षण आणि परवाना. ही सारी मालमत्ता आणि हे कौशल्य त्याचे स्वतःचे राहील आणि पर्यटन उद्या बंद पडले तरी त्याच्यापाशी उरेल.

आठ वर्गांपैकी कर्जात बुडालेल्यांचा वर्ग या चर्चेत जवळजवळ येतच नाही, आणि मला तर तोच पर्यटनग्रामांसाठी सर्वांत मोलाचा वाटतो. पर्यटन हा ठिसूळ धंदा आहे. लोंबोकच्या लोकांनी हे लागोपाठ दोनदा अनुभवले. 2018 च्या जुलै-ऑगस्टमधील भूकंपांत पाचशेहून अधिक माणसे दगावली, घरे पडली, रिंजानी ज्वालामुखीच्या पायवाटा अनेक महिने बंद राहिल्या. गावे सावरत होती तोच 2020 ची महामारी आली आणि पाहुणे पूर्ण थांबले. खोली बांधण्यासाठी कर्ज काढलेल्या कुटुंबाची यात काहीच चूक नव्हती. अशा कर्जदाराला जकातीतून सोडवण्याची तरतूद चौदा शतकांपूर्वी करून ठेवलेली आहे. प्रत्येक पर्यटनग्रामाने आणि त्या जिल्ह्याच्या जकात मंडळाने आधीच करार करून ठेवावा की आपत्तीमुळे धंदा ठप्प झाला, तर गरजू कर्जदारांचे हप्ते या वर्गाच्या हिश्श्यातून भागवले जातील. गरीब माणूस नवा धंदा सुरू करायला कचरतो तो बुडण्याच्या भीतीने. बुडालेल्याला हात मिळतो हे ठाऊक असेल, तर तो अधिक धीराने पाऊल टाकेल.

छोट्या कर्जांबाबत फार लिहिण्याची गरज नाही. पेसांत्रेन या निवासी इस्लामी शाळांच्या आधाराने 2017 पासून चालवल्या जाणाऱ्या सूक्ष्म वक्फ बँका तारणाशिवाय, वर्षाला सुमारे 3 टक्के आकारून, दहा-तीस लाख रुपियांपर्यंतची कर्जे गटागटाने देतात, आणि त्यांच्या साप्ताहिक बैठका हप्त्याइतक्याच परस्परविश्वासावर चालतात. खाद्यपदार्थांची गाडी किंवा हस्तकलेचा कच्चा माल यासाठी ही रक्कम पुरते. फक्त हप्ता साप्ताहिक आणि कमाई हंगामी, ही विसंगती पर्यटनग्रामांत दूर करावी लागेल.

आक्षेपांपैकी दोन गंभीर आहेत. पहिला विश्वासाचा. राष्ट्रीय जकात मंडळाच्या अंदाजानुसार देशात वर्षाला 327 लाख कोटी रुपियांची जकात जमू शकते, आणि प्रत्यक्ष जमा त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या मागेपुढेच राहते. लोक दान देत नाहीत असे नव्हे, ते शेजाऱ्याला आणि ओळखीच्या मौलवींना थेट देतात, कारण संस्थांवर त्यांचा पुरेसा विश्वास नाही. 2022 मध्ये एका मोठ्या दानसंस्थेची निधी गोळा करण्याची परवानगी गैरव्यवहारामुळे रद्द झाली, तेव्हा त्या अविश्वासाला कारण मिळाले. गावपातळीवरही धोका कमी नाही; योग्याकार्ता प्रांतात गावाच्या सामाईक जमिनीचा गैरवापर झाल्याचे खटले 2023 मध्ये उभे राहिले, म्हणजे विकायला बंदी असलेली जमीनही भाडेपट्ट्याच्या वाटेने पळवता येते. वक्फ हा कायदेशीर बांध आहे, परंतु त्यावर राखण करणारी माणसे हवीतच. योग्याकार्ता शहरातील जोगोकारियान मशिदीने एक चांगला पायंडा पाडला आहे. मशिदीने आपल्या परिसरातल्या घरांची तपशीलवार नोंद ठेवली आहे, कोण गरजू आहे हे तिला ठाऊक असते, आणि जमलेले दान साठवून न ठेवता खर्च करून शिल्लक शून्यावर आणण्याचे तिचे धोरण आहे. रमजानमध्ये तिच्या रस्त्यावर भरणारा खाद्यबाजार पाहायला शहरभरातून लोक येतात. पर्यटनग्रामाने आधी अशी घरोघरची नोंद करावी, ती दरवर्षी गावसभेत वाचून दाखवावी आणि वक्फ जमिनीचे भाडे किती आले, कुठे गेले, हे गावाच्या फलकावर लावावे.

दुसरा आक्षेप शेजारधर्माचा आहे, आणि तो मला अधिक बोचतो. इस्लामी दानव्यवस्था आणि हलाल पर्यटन यांची सतत सरमिसळ होते. 2015 मध्ये लोंबोकला सर्वोत्तम हलाल पर्यटनस्थळाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यापासून ती वाढलीच. 2019 मध्ये उत्तर सुमात्रातील तोबा सरोवराच्या परिसरात हलाल पर्यटनाची भाषा सुरू झाली, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती बताक समाजाने तीव्र विरोध केला, आणि त्यांची नाराजी रास्त होती. पाहुण्याने काय खावे, कसे राहावे हा हलाल पर्यटनाचा विषय आहे. दानव्यवस्थेचा विषय यजमानाचे दारिद्र्य हा आहे. या दोन्हींना एकमेकांच्या गळ्यात बांधण्याचे कारण नाही. जकातीचे हक्कदार बहुतेक मतांनुसार मुस्लिमच असतात, पण सदका आणि इन्फाक कोणालाही देता येतात आणि वक्फचा लाभ संपूर्ण गावाला मिळू शकतो. मिश्र वस्तीच्या गावात वक्फपत्रातच 'गावातील सर्व रहिवासी' असे लिहिले जावे, आणि ज्या गावात मुस्लिम अल्पसंख्य आहेत तिथे ही योजना गावाने मागितल्याशिवाय नेऊच नये.

2021 मध्ये इंडोनेशियाच्या पर्यटन मंत्रालयाने पर्यटनग्रामांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. त्यात मुक्कामाची घरे, सार्वजनिक शौचालये, हस्तकलेच्या वस्तू, समाजमाध्यमांवरचा मजकूर अशा कसोट्यांवर गुण दिले गेले. त्या गुणपत्रिकेत आणखी तीन रकाने असावेत: पर्यटनाच्या मोक्याच्या जागांपैकी किती गावाच्या किंवा वक्फच्या मालकीच्या आहेत, गेल्या पाच वर्षांत गावातली किती जमीन बाहेरच्यांना विकली गेली, आणि जकात घेणाऱ्या कुटुंबांपैकी किती कुटुंबांची पर्यटनातून स्वतःची कमाई सुरू झाली. दान देणाऱ्या संस्थांनी पुढचा पैसा पाठवण्याआधी हे रकाने भरून मागावेत.